तीन गाठींची दोरी

रॉकेल! कमळूने गाडीच्या पेट्रोलात रॉकेल मिसळलं, म्हणे.

मला सांगा, रेशनचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं लोटली? आमच्या किन्हवलीत दारोदार फिरलात तरी आज वाटीभर रॉकेल निघायचं नाही. स्टोव्ह गेले, चिमण्या गेल्या, रॉकेलच्या रांगेतली भांडणंसुद्धा गेली. आणि कमळू म्हणे बंगल्यामागे बसून टाकीतलं पेट्रोल काढतो, बाहेर विकतो आणि तेवढंच रॉकेल आत ओततो. हा शोध ठाण्याहून आलेल्या मेकॅनिकने लावला. त्याने लॅपटॉप आणला होता. लॅपटॉपवाल्याला ‘रॉकेल आलं कुठून?’ असं कोणी विचारत नाही.

पंकजशेठनेही विचारलं नव्हतं. शनिवारी सकाळी माझ्या गॅरेजच्या दारात उभा राहून तो मला हे ऐकवत होता, आणि ज्याच्याबद्दल ऐकवत होता तो कमळू तिथेच, चार हातांवर, गाडीच्या मागच्या चाकाशी उभा होता. पन्नाशी उलटलेला माणूस. शेठच्या बंगल्यावर अकरा वर्षं राखणदार. त्याच्यासमोर त्याला चोर म्हणताना शेठने आवाजही खाली केला नाही. भिंतीला थोडंच ऐकू येतं?

तोंडावर मी त्याला शेठ म्हणते, अहो-जाहो करते. लिहिताना जमायचं नाही. माझं नाव नम्रता आहे, पण बारशाच्या दिवशी पुढचं कोणाला माहीत असतं!

गॅरेज म्हणजे काय, गावाबाहेर मुरबाडच्या रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड. पाण्याचे पंप येतात, पॉवर टिलर येतात, भात झोडायची मशीन येतात, कधी एखादा टेम्पो. नवरा साईनाथ वाशिंदच्या कारखान्यात जातो, मी इथे बसते. शिकवलं कोणी नाही. भावाचा डिझेल पंप मी तीनदा उघडून तीनदा बिघडवला, चौथ्यांदा तो चालला, आणि तेव्हापासून लोक यायला लागले. उरलेलं पुस्तकातली चित्रं बघून आणि फोनवरचे व्हिडिओ थांबवून थांबवून शिकले.

पंकजची गाडी मात्र वेगळी. लाल, दोन दारांची, जपानी, माझ्या लग्नाच्या आसपास बनलेली. टर्बोवाली. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त यायला हवं. नाही आलं तर गाडी खोकते, झटके देते आणि मरते. तशी ती गेल्या रविवारी माळशेज घाटात मेली. मागे त्याच्या मित्रांच्या सहा गाड्या होत्या. सहाही जणांनी व्हिडिओ काढले. शेठचं खरं दुखणं तिथे होतं.

“हे बघा, काकू,” त्याने फोन माझ्यासमोर धरला. (काकू! माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी लहान असेल.) “सीसीटीव्ही. मागचा शनिवार. हा त्याच्या आधीचा.”

बंगल्यावर गाडी ठेवतात त्या शेडमधल्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. गाडी सुरू. कमळू येतो, टाकीचं झाकण उघडतो, वाकतो, कान लावल्यासारखं करतो, मग झाकण लावून निघून जातो.

“हातात डबा कुठाय?” मी विचारलं.

“डबा कॅमेऱ्यासमोर कोण आणेल?”

“मग झाकण तरी कॅमेऱ्यासमोर कोण उघडेल?”

शेठने फोन खिशात ठेवला. “तुम्ही फक्त टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, नवीन पेट्रोल भरा. बाकी कशाला हात लावू नका. उद्या दहाला येतो. आणि तू,” हे कमळूला, “उद्या संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. पोलिसांत देत नाही हे उपकार समज.”

“शेट, मी तुमाला फोनवर सांगलेला,” कमळू म्हणाला. “टाकी रडते म्हनून.”

“आणि मी काय सांगितलं होतं? टाकीला हात लावू नको.”

“हां. पन ती रडत व्हती.”

शेठ माझ्याकडे बघून हसला, जणू आम्ही दोघं एका बाकावरचे. मी काही हसले नाही. त्याच्या देखत टाकी खाली केली. तेवीस लिटर निघालं. त्याने ते सगळं कॅनमध्ये घालून ‘पुरावा’ म्हणून आपल्या दुसऱ्या गाडीत टाकलं आणि गेला.

तो गेल्यावर कमळूने सांगितलं की एवढ्यावर भागलेलं नाही. शेठने ती क्लिप आसपासच्या बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर टाकली होती. खाली इंग्रजीत ‘सावध राहा’. कमळूची बायको जना दोन बंगल्यांवर भांडी-झाडू करते. दोन्हीकडून सकाळीच निरोप आला, येऊ नको. आता सरळगावपासून धसईपर्यंत एकही फाटक कमळूसाठी उघडायचं नाही. मुलगी काजल बारावीला आहे. पाड्यावर परत गेली तर कॉलेजची एसटी कुठून पकडणार? पण कमळू हे सगळं सांगताना थांबून थांबून एकाच गोष्टीवर येत होता.

“बाय, जनानं मला इचारला. ‘खरा सांग,’ म्हनली. जनानं इचारला गो मला!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काचेच्या ग्लासात मी थोडं पेट्रोल आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. उन्हात धरलं: स्वच्छ, खाली पाण्याचा थेंब नाही. तळहातावर घेतलं: भुर्रकन उडालं, हात कोरडा. रॉकेल असलं तर तेलकट राहतं, वास दोन दिवस जात नाही. हे आमच्या पिढीच्या बायकांना लॅपटॉपशिवाय कळतं. पण माझ्या तळहाताला कोण विचारतो! त्याच्या लॅपटॉपसमोर मला खरा बिघाड हातात धरून दाखवायला हवा होता.

“बस इथे,” मी म्हटलं. “बिघाड सापडल्याशिवाय तू खोलीतलं मडकंसुद्धा हलवायचं नाहीस.”

फिल्टर बदलला. जुना कापून बघितला: थोडा गंज, बाकी काही नाही. नवीन पेट्रोल भरलं. गाडीची जुनी पुस्तिका डिकीत होती, सगळी जपानीत. फोनचा कॅमेरा धरला की मोडक्यातोडक्या मराठीत दिसते. एका पानावर ‘इंधनाचा राग अडीच किलो’ असं आलं. राग म्हणजे दाब, हे मी समजून घेतलं. त्या दिवशी माझा कितीतरी जास्त होता.

पेट्रोलच्या पाइपाला गेज लावला. गाडी सुरू केली, काटा अडीचवर. टाकीतल्या पंपाला बॅटरीकडून वीज पुरती पोचते का, ते मीटरने बघितलं. पोचत होती. पेट्रोल टाकीकडे परत नेणारा पाइप क्षणभर चिमटीत दाबला, तर काटा उसळून पाचच्या वर गेला. म्हणजे पंपातही दम होता. उभ्या गाडीत एक खोट सापडेना. उभं राहून कोणाचीच खोट सापडत नाही, चढावर सापडते.

मी गेजचा पाइप लांब केला, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढला आणि गेज काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बसवला. साडीवर साईनाथचा जुना कारखान्याचा शर्ट चढवला. “चल,” कमळूला म्हटलं.

“मी? त्यात?” अकरा वर्षं गाडी धुतली, पुसली, सुरू करून उभी ठेवली, पण आत, शेजारच्या सीटवर, तो एकदाही बसला नव्हता. आधी चपला काढून हातात घेतल्या.

“घाल त्या चपला! देवळात नाही चाललास.”

सरळगाव ओलांडलं. दोन्ही बाजूंना भात झोडायचं काम चाललेलं, पेंढ्याचे भारे रस्त्याच्या कडेला. मी पाय दाबला आणि गाडीने मागून कोणीतरी ढकलल्यासारखी उडी घेतली. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. कमळूने दाराची दांडी धरली. काटा साडेतीनवर. असाच हवा; टर्बोची हवा वाढली की पेट्रोलचा दाबही वाढायला हवा. टोकावड्याच्या अलीकडच्या चढाला लागलो आणि काटा हळूच तीनवर आला. मग अडीच. पाय तसाच दाबलेला. दोन. गाडी खोकली, एक झटका, दोन झटके, आणि चहाच्या टपरीपासून थोडं पुढे मेली.

नवीन पेट्रोल! पुरतं नवीन पेट्रोल, तासाभरापूर्वी पंपावरून आणलेलं, आणि तरी मेली. मी स्टेअरिंगवर थाप मारली. “बघितलंस? रॉकेल म्हणे! आण म्हणावं आता लॅपटॉप!”

कमळू मात्र कान देऊन बसला होता. मागून बारीक, चिरका आवाज येत होता. पंप ओढत होता आणि त्याला काही मिळत नव्हतं.

“हीच ती,” तो म्हणाला. “रडते. थांब, बाय.” उतरला, मागे गेला, टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्सऽऽऽ. एवढा मोठा, लांबलचक श्वास, की टपरीवरच्या दोघांनी मान वळवली. टाकीने बाहेरची हवा आत ओढून घेतली होती. काटा माझ्या डोळ्यांसमोर अडीचवर येऊन उभा राहिला.

“दर शनवारी असाच,” कमळू म्हणाला. “शेट यायच्या आदी अर्धा तास गाडी चालू ठेवायची, असा त्यांनीच सांगलेला. रडाय लागली का झाकान उघडायचा. गप होते.”

म्हणजे ठाण्याच्या मेकॅनिकला, त्याच्या लॅपटॉपला आणि मला जे सापडलं नव्हतं, ते या माणसाने दिवाळीपासून शोधून ठेवलं होतं. इलाजही तोच करत होता. आणि त्या इलाजाचंच चित्र काढून त्याला चोर ठरवलं होतं. मला असा संताप आला की टपरीवर चहा सांगितला तो मी पिऊच शकले नाही.

प्रकार साधा होता. दह्याच्या पिशवीला बारीक नळी लावून चोखत बसा, आत हवा नाही गेली तर पिशवी आकसते आणि दही यायचं थांबतं. तसंच. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीला एक श्वासाचा पाइप असतो, ब्रीदर म्हणतात. तो तुंबला होता. झाकणाकडे बघितलं तर तेही नवीन, चकचकीत.

“हे कधी बसवलं?”

“दिवालीला. शेटनं ममईवरनं आनला.”

जुन्या झाकणात बारीकशी झडप असते, तिथून थोडी हवा जाते. या शोभेच्या झाकणात काहीच नव्हतं, नुसतं घट्ट फिरकीचं बूच. ब्रीदर तुंबलेला आणि वर हे झाकण. नाक बंद आणि तोंडावर हात.

“कुंभारीण माशी,” मी म्हटलं. “ब्रीदरमध्ये मातीचं घर बांधलं असणार तिने. उद्या शेठच्या हातावर मातीचं ढेकूळ ठेवते.” काय काय बोलायचं ते मी परत येईपर्यंत मनात पाठ करून टाकलं.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवली, खाली शिरले, मागच्या चाकाच्या आत लोंबणारा ब्रीदरचा पाइप सापडला. बोट घातलं. माती लागली नाही. मऊ, चिकट काहीतरी लागलं. चिमट्याने ओढलं.

मेणात भिजवलेल्या चिंधीचा बोळा. मोरपंखी रंगाचा. माझ्या जुन्या परकराचा.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्याआधी आमच्याकडे मशीन बंद करून ठेवायची एक रीत आहे. पंप असो, टिलर असो, जिथे भोक तिथे बोळा, नाहीतर चार महिन्यांत माशा घरं करतात आणि उंदीर पिलं घालतात. आणि प्रत्येक बोळ्यामागे दोरीला एक गाठ. ती दोरी हँडलला बांधायची. दसऱ्याला मशीन पुजायच्या आधी दोरी सोडायची, गाठी मोजायच्या, तेवढे बोळे काढायचे. अक्षरओळख नसली तरी चुकत नाही. मे महिन्यात पंकजची गाडी मीच बंगल्यावर जाऊन अशी बंद करून दिली होती. स्टेअरिंगला दोरी बांधली होती. दसऱ्याला कमळूने गाठी मोजून बोळे काढले होते.

मी गाडीखाली तशीच पडून राहिले. आठवलं. सायलेन्सरचा एक, हवेच्या तोंडाचा एक, खालच्या नळीचा एक. तीन गाठी मारून दोरी स्टेअरिंगला बांधून झाली होती. मग सहज खाली वाकले, ब्रीदर लोंबताना दिसला, म्हटलं हाही बंद करू. हात मेणाने माखलेले. गाठ नंतर मारू म्हटलं. तेवढ्यात जनाने हाक मारली, “बाय, चा निवला!”

सकाळपासून मी पंकजला, लॅपटॉपला, क्लिप पाहून गप्प बसलेल्या सगळ्या बंगलेवाल्यांना मनातल्या मनात सोलून काढत होते. आणि बोळा माझा निघाला. माझाच परकर!

बाहेर आले. कमळूने बोळा बघितला. रंग त्याने लगेच ओळखला, दसऱ्याला तसलेच तीन काढले होते ना. त्याने आपल्या जेवणाच्या डब्याची पिशवी पुढे ओढली. तिचं तोंड त्याने त्याच दोरीने बांधलं होतं. चांगली दोरी आमच्याकडे कोणी टाकत नाही. सोडून माझ्या हातात दिली. तीन गाठी.

“मी मोजून काढलेले, बाय.”

“माहीत आहे रे.”

“तीनच हायेत.”

“माहीत आहे म्हटलं ना!” मी ओरडले. बघा, चूक माझी आणि ओरडले त्याच्यावर. पंकजमध्ये आणि माझ्यात तेवढ्यापुरता काय फरक होता, तुम्हीच सांगा.

कमळूने बोळ्यासाठी हात पुढे केला. मग म्हणाला, “दे तो इकडं. मी सांगतो शेटला, दसऱ्याला एक बोला काढाचा इसरलो. चोरापरीस येडा बरा. तुझा नाव कशाला? तुला लोकांची मशीना करायची हायेत.”

हे ऐकून मला पुन्हा संताप आला, आणि या वेळी कोणाचा ते कळेना. ज्याला चोर म्हणतात तो माणूस माझं नाव वाचवायला निघाला होता, वेडा ठरायची तयारी ठेवून. आणि मी? मी लगेच ‘नाही’ म्हटलं असं लिहायला फार बरं वाटलं असतं. मी चहा टाकला. चहा होईपर्यंत मी विचार करत होते. पंकजचे, त्याच्या मित्रांचे, ग्रुपवरच्या सगळ्यांचे पंप आणि गवत कापायची मशीन माझ्याकडे येतात. ‘बाईमाणूस गाड्यांना हात लावते’ म्हणणारे अजून आहेतच. त्यांना हा बोळा म्हणजे सणच.

याहून सोपी वाटही होती. बोळा चुलीत टाकायचा, गाडी चालू द्यायची, तोंड मिटायचं. पण मग काय झालं असतं? नवीन पेट्रोल भरलं आणि गाडी धावायला लागली; पंकज म्हणाला असता, बघा, रॉकेलच होतं. माझ्या गप्प बसण्याने कमळूवर शिक्का बसला असता, कायमचा.

चहा उतू गेला. मी कपात ओतला. “तू वेडा नाहीस आणि चोरही नाहीस,” मी म्हटलं. “अकरा वर्षांत त्या शेडमध्ये अक्कल असलेला तू एकटाच आहेस. उद्या शेठला गाडी मरताना दाखवायची. त्यासाठी हा बोळा होता तिथे परत बसवायला हवा.”

आणि काढलेला बोळा मी माझ्या हाताने पुन्हा आत बसवला. इतकी वर्षं बिघाड काढत आले, मुद्दाम घातला तो हा पहिलाच.

रविवारी पंकज दहाचा साडेअकराला आला. “झालं? सुरू होते?”

“होते. पण चालवून बघा. मी आणि कमळू येतो.”

“हा कशाला?”

“त्याच्याशिवाय ती परत सुरू होत नाही.”

कमळू मागच्या सीटवर शिरला. ती सीट माणसासाठी केलेली नाही. गुडघे कानाला लागले होते. पंकजने गाडी हाणली. सरळगावपर्यंत तो खूश. “बघा, काकू! पेट्रोल बदललं की झालं. मी सांगत होतो!”

“काचेवरचा काटा बघत राहा.”

टोकावड्याचा चढ. साडेतीन. तीन. अडीच. त्याचं बोलणं कमी होत गेलं. टपरीच्या थोडं पुढे खोकली, झटके दिले, मेली. कालचीच जागा.

“हे काय? नवीन पेट्रोल आहे ना हे?”

“तुमच्यासमोर टाकी खाली केली. भरलं ती पावती ही. आता कालपासून कमळूने यात रॉकेल कधी ओतलं, ते सांगा.”

कमळू मागून कसाबसा बाहेर निघाला, गेला, झाकण फिरवलं. फुस्सऽऽऽ. काटा चढला.

“हे तो करत होता,” मी म्हटलं. “तुमच्या कॅमेऱ्यात जे आहे ते हे. तुमची गाडी गुदमरत होती आणि तो तिला श्वास देत होता. आता उतरा.”

पदर खोचून मी रस्त्यावरच गाडीखाली शिरले. टपरीवरची माणसं ग्लास घेऊन जवळ आली होती; भाताचे भारे टाकून दोन बायकाही. बोळा ओढला, बाहेर येऊन त्याच्यासमोर धरला.

“हा ब्रीदरमध्ये होता.”

पंकजने बोळ्याकडे बघितलं आणि मान वळवली. कोणाकडे? कमळूकडे! मी अजून एक शब्द सांगितला नव्हता, आणि नजर आपोआप तिकडे गेली, घरची वाट माहीत असलेल्या बैलासारखी.

“तिकडे नका बघू. इकडे बघा. हा मी घातला. मे महिन्यात. चार बोळे घातले आणि गाठी तीन मारल्या. त्याने गाठींप्रमाणे तीन काढले, बरोबर काढले. चूक माझी आहे.”

टपरीवरचं कोणीतरी म्हणालं, “हात्तिच्या!”

शेठला आता आवाज फुटला. “म्हणजे तुमच्यामुळे मी घाटात सगळ्यांसमोर... काकू, तुम्हाला कळतंय का? इंजिन गेलं असतं तर?”

“गेलं असतं. आणि जुनं झाकण असतं तर एवढं झालंही नसतं, हे तुमचं चकचकीत झाकण हवेला जागाच ठेवत नाही. अर्धी चूक माझ्या बोळ्याची, अर्धी तुमच्या झाकणाची. आता यात कमळूची किती, तेवढी सांगा.”

“ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “गैरसमज झाला. राहू दे त्याला.”

“मला काय सांगता? तो तिथे उभा आहे.”

“ए, राहा तू,” तो कमळूला म्हणाला. “कळलं ना?”

“कळला.”

अकरा वर्षं राखण केलेल्या माणसाला चोर म्हणायला दोन मिनिटं लागली होती, परत घ्यायला दोन शब्द. तो दार उघडायला लागला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. माझं वजन तसं उपयोगी आहे.

“ग्रुप,” मी म्हटलं. “क्लिप जिथे टाकलीत तिथे लिहा.”

त्याने चिडून फोन काढला, लिहिलं, मला दाखवलं. इंग्रजी.

“मराठीत.”

“ग्रुपवर सगळ्यांना इंग्रजी येतं, काकू.”

“जनाला येत नाही. मला तिला वाचून दाखवायचंय.”

टपरीवाला म्हणाला, “लिवा ना शेट, दुपार व्हईल.” दोन्ही बायका फिदीफिदी हसल्या.

त्याने लिहिलं. ‘कमळूने चोरी केलेली नाही. गाडीत बिघाड होता. क्लिप काढून टाकली आहे.’

“बिघाड कोणाचा, तेही लिहा.”

हे वाक्य मात्र त्याने भराभर लिहिलं: ‘किन्हवलीच्या नम्रता गॅरेजने पाइपात चिंधी ठेवल्यामुळे.’ झाकणाचं नाव कुठेच नव्हतं. मी जाऊ दिलं. एका दिवसात एका शेठकडून किती काढणार! संदेश गेलेला बघितला आणि दारातून बाजूला झाले.

तो बसला, गाडी सुरू केली आणि माळशेजच्या दिशेने गेला. चढावर ती अशी काही गेली की मला, चिडलेल्या मला, क्षणभर अभिमान वाटला. शेजारची सीट रिकामी होती. आम्हाला दोघांना किन्हवलीला सोडायचं होतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

पेंढ्याचा टेम्पो मिळाला. आम्ही वर, पेंढ्यावर बसलो. माझ्या फोनवर एकामागून एक संदेश यायला लागले. त्यातल्या एका बंगल्याने गवत कापायचं मशीन परत मागवलं. बाहेर नेऊन दाखवतो, म्हणे. दुसऱ्याने पंप संध्याकाळी न्यायला येतो म्हणून कळवलं. जनाला एका घरून बोलावणं आलं, दुसऱ्या बाईने ‘बघू’ म्हटलं. बघू! काय बघायचं राहिलंय तुझं, बाई?

हे सगळं मी टेम्पोवर मोठमोठ्याने बोलत होते. कमळू ऐकत नव्हता. त्याने डब्याच्या पिशवीला परत बांधलेली ती दोरी सोडून मांडीवर घेतली होती. शेवटच्या गाठीपुढे चौथी गाठ मारली, दोन्ही टोकांनी ओढून पक्की केली आणि दोरी माझ्या हातात दिली.

“पुढच्या मे महिन्यात,” तो म्हणाला, “तू बोले घाल. गाठी मी मारीन. तुला चा पिवाची घाई असते.”